रुग्णही दोघे, नातेवाईकही दोघे

नवरा-बायको दोघांनाही दारूचे व्यसन असेल तर उपचार कोठून सुरू करायचे, कोणासाठी सही कोणी करायची, आणि मुळात एकाच घरात दोघांना हे कसे जडते, याविषयी मराठीत शोधताना मला जे सापडले, ते जवळजवळ सगळे ‘पिणारा नवरा आणि सोसणारी बायको’ हे चित्र गृहीत धरून लिहिलेले होते. आमच्या घरात सोसणाऱ्या होत्या त्या माझ्या सासूबाई आणि आठवीतली मुलगी. आम्ही नवरा-बायको दोघेही पिणारे होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेले आमचे उपचार २०२५ च्या गणेशचतुर्थीनंतर एका टप्प्यावर आले आहेत, म्हणून घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे. नवऱ्याने मजकूर वाचला आहे आणि त्याची हरकत नाही. ज्यांनी आमच्यावर उपचार केले त्यांची नावे मी मुद्दाम घेतलेली नाहीत.

आमचे वेंगुर्ला तालुक्यात समुद्राजवळ चार खोल्यांचे होम-स्टे आहे. लग्न २००६ चे, ठरवून झालेले. मध्यस्थांनी “मुलगा खातो-पितो, पण मर्यादेत” असे सांगितले होते आणि माझ्या माहेरी कोणालाही त्यात वावगे वाटले नाही, कारण सावंतवाडीकडच्या आमच्या घरात काजूचा हंगाम आला की मार्च ते मे हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, असायचाच आणि वडील रोज संध्याकाळी तो घ्यायचे. पिणाऱ्या माणसाच्या घरात मी वाढले होते. तसाच दुसरा माणूस समोर आला तेव्हा तो मला ओळखीचा वाटला, एवढेच.

मी स्वतः घ्यायला लागले ती होम-स्टे सुरू झाल्यावर. मुंबई-पुण्याचे पाहुणे रात्री पडवीत बसत, नवऱ्याला आग्रह करत, आणि पुढे मलाही. नंतर पाहुणे नसतानाही स्वयंपाकघर आवरले की दोघांचे ग्लास बाहेर निघू लागले. नवऱ्याने बाहेर मित्रांबरोबर पिऊन रात्री मोटारसायकलवरून येऊ नये म्हणून “घ्यायची तर घरी, माझ्यासमोर” हा नियम मीच केला होता, आणि या नियमाचे मला बरेच समाधान होते. आरोंद्याचा पूल ओलांडला की गोवा, आणि तिकडे बाटली बरीच स्वस्त. ती परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे हे या पट्ट्यात सर्वांना ठाऊक असते, तरीही आणणाऱ्यांची संख्या त्याने कमी होत नाही.

२०२० मध्ये पाहुणे थांबले आणि वेळच वेळ झाला. नेमके कधी ते सांगता येत नाही, पण त्यानंतरच्या काळात आमच्या घरातल्या कपबशा वापरातून गेल्या. सकाळच्या चहाच्या वेळी बशी हातात किणकिणते म्हणून आधी नवऱ्याने स्टीलचा पेला घ्यायला सुरुवात केली, मग मीही. दोघांपैकी कोणीही त्याविषयी एक अक्षर बोलले नाही. पाहुण्यांसाठी कपबशा निघत, पण तो ट्रे मुलगी घेऊन जाई. दोघांपैकी एक जण पीत नसता तर त्याने त्या थरथरणाऱ्या हाताविषयी नक्कीच विचारले असते. आमच्याकडे विचारणारे कोणी उरले नव्हते, कारण दोघांचेही हात थरथरत होते आणि दोघांनाही पहिल्या घोटानंतर बरे वाटत होते.

दरवर्षी आम्ही श्रावण पाळायचो. २०२४ मध्ये श्रावण ५ ऑगस्टला, सोमवारी लागला. आदल्या दिवशी गटारी झाली आणि सोमवारपासून नवऱ्याने एकदम बंद केले. मी “उद्यापासून” म्हणत होते. मंगळवारी रात्री जेवताना त्याला घाम फुटला, हात इतके कापू लागले की घास तोंडापर्यंत जाईना, आणि अकराच्या सुमारास त्याला फिट आली. सासूबाईंनी त्याला कुशीवर वळवले, मुलीने १०८ ला फोन केला. मी त्या वेळी दोन पेग घेतलेले होते आणि रुग्णवाहिकेत त्याच्या शेजारी मीच बसले.

जवळच्या सरकारी रुग्णालयात केस पेपरला पैसे लागले नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी मला विचारले, “रोज किती घेतात? शेवटची कधी घेतली? याआधी फिट आली होती का?” मी उत्तरे देत होते. सलाईन लावणाऱ्या सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. डॉक्टर बाहेर गेल्यावर त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारले, “आणि ताई, तुम्ही?”

येथे वैद्यकीय बाजू थोडी सविस्तर सांगते, कारण श्रावण, मार्गशीर्ष किंवा एखादा नवस या निमित्ताने एकदम दारू बंद करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूच्या दडपणाची सवय झालेली असते. ते दडपण अचानक निघाले की मेंदू अनावर उत्तेजित होतो: पहिल्या दिवसभरात कंप, घाम, मळमळ आणि बेचैनी, साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येण्याचा धोका, आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, ताप व बरळणे. ही शेवटची अवस्था उपचार न मिळाल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून ज्याला सकाळी उठल्यावर हात स्थिर करण्यासाठी प्यावी लागते, त्याने घरी स्वतःच्या मनाने बंद करू नये. डॉक्टरकडे जाईपर्यंत एक-दोन दिवस थोडी घेत राहणे हे एकदम बंद करण्यापेक्षा कमी धोक्याचे असते, हे मला पुढे मानसोपचारतज्ज्ञांनीच सांगितले.

सकाळी नवऱ्याला कुडाळच्या एका खासगी रुग्णालयात हलवले, कारण तेथे मानसोपचारतज्ज्ञ रोज असतात. सरकारी पर्याय आम्ही विचारून घेतले होते. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासूनचे आहे आणि तेथे व्यसनाचेही उपचार होतात, परंतु वेंगुर्ल्याहून तेथे जायला अर्धा दिवस मोडतो; सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाच्या लोकांना त्यापेक्षा गोव्यातले बांबोळीचे सरकारी रुग्णालय जवळ पडते. फिट येऊन गेलेल्या माणसाला इतके लांब न्यायला डॉक्टर तयार नव्हते.

कुडाळच्या डॉक्टरांनी माझ्याही हातात एक कागद दिला. ‘ऑडिट’ नावाची, जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची ती चाचणी आहे. एकूण गुण ४०, आठ किंवा जास्त आले तर पिणे घातक पातळीवर आहे असे समजतात आणि वीस किंवा जास्त आल्यास अवलंबित्वाची शक्यता तपासतात. माझे गुण विसाच्या पुढे गेले. रक्ततपासणीत यकृताची जीजीटी आणि एसजीओटी ही मूल्ये नवऱ्यापेक्षा माझी जास्त बिघडलेली निघाली, जरी मी त्याच्यानंतर कित्येक वर्षांनी प्यायला लागले होते. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच पेगने रक्तातली दारू जास्त चढते, आणि पिणे सुरू होण्यापासून आजारापर्यंतचा प्रवास स्त्रियांत कमी वर्षांत होतो, असे त्यांनी समजावून सांगितले. आम्ही मात्र ‘बरोबरीने’ प्यायचो आणि पेगही सारखे भरायचो.

डॉक्टरांचे म्हणणे स्पष्ट होते: दोघांनाही एकाच वेळी दाखल करायचे, खोल्या वेगळ्या. सौम्य त्रास असलेल्या माणसाचे औषध घरी राहूनही देता येते, पण त्यासाठी चोवीस तास शुद्धीत राहून लक्ष ठेवणारे माणूस घरात लागते, आणि आमच्या घरात ते काम सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंवर टाकावे लागले असते. नवऱ्याला आधी बरे करून घरी आणले असते तर मी घरी पीत बसलेली त्याला दिसली असते. मी तरीही “आधी त्याचे होऊ दे, घर कोण बघणार” म्हणत होते. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “एकान सोडल्यान तरी दुसऱ्याची बाटली घरातच रवतली मां!” यापुढे बोलायला काही उरले नाही. मुलगी आत्याकडे गेली, होम-स्टेचे दोन आठवड्यांचे बुकिंग रद्द करून आगाऊ रक्कम परत केली.

मग कागदपत्रे. दाखल करण्याच्या फॉर्मवर ‘जबाबदार नातेवाईक’ असा रकाना होता. नवऱ्याच्या फॉर्मवर आदल्या दिवशी माझे नाव लिहिलेले होते. आता मीच रुग्ण झाल्यावर खिडकीवरचा कर्मचारी गोंधळला. माझ्या फॉर्मवर त्याला नवऱ्याची सही हवी होती आणि नवरा औषधाच्या गुंगीत होता. सासूबाईंची सही मुलासाठी चालत होती, सुनेसाठी “माहेरचे कोणी तरी आणा” असे सांगण्यात आले. सावंतवाडीहून भाऊ येईपर्यंत दुपार झाली, आणि ते तास माझ्यासाठी कठीण होते, कारण माझी शेवटची घेतलेली आता उतरत होती.

पुढे समुपदेशक मॅडमनी सांगितले ते आधी माहीत असते तर ही धावपळ झाली नसती. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे शुद्धीत असलेला आणि निर्णय समजणारा प्रौढ माणूस स्वतःच्या विनंतीवरून दाखल होऊ शकतो. त्यासाठी नातेवाइकाची संमती लागत नाही. त्याशिवाय प्रत्येक प्रौढाला आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ साध्या कागदावर सही करून आधीच नेमून ठेवता येतो आणि तो नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. पिणाऱ्या जोडप्यांनी एकमेकांचे नाव न घालता तिसऱ्या, न पिणाऱ्या माणसाचे नाव लिहून ठेवावे. आम्ही आता नणंदेचे लिहिले आहे, दोघांच्याही कागदावर. खासगी ठिकाणी बिलासाठी म्हणून कोणाची तरी सही मागतात हे खरे, पण बिलाची हमी आणि उपचाराची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विचारले की सांगतात.

दाखल असतानाचे दिवस थोडक्यात सांगते. ग्लुकोजच्या आधी थायमिनचे इंजेक्शन, कारण ब जीवनसत्त्वाची कमतरता असताना नुसते ग्लुकोज दिले तर मेंदूला इजा होऊ शकते. क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या, रोज थोड्या कमी करत. आणि दर काही तासांनी सिस्टर येऊन हात पुढे धरायला सांगत, घाम बघत, आज कोणता वार ते विचारत. पहिल्या दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी वरणभात चवीने खाल्ला. आठवडाभराने दोघांना एकत्र घरी सोडले. खाटेचे दिवसाला माणशी अडीच हजार, औषधे आणि तपासण्या वेगळ्या. दोघांचे मिळून साठ हजारांच्या आसपास गेले.

आरोग्य विम्याचा दावा नाकारला गेला. २०१७ चा कायदा मानसिक आजाराच्या व्याख्येत दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश करतो आणि शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांना विमा द्यावा असेही सांगतो. परंतु विमा पॉलिसींमधल्या प्रमाणित वगळणुकींत बाराव्या क्रमांकावर दारू व अन्य व्यसनांचे उपचार आहेत आणि आमच्या पत्रात त्याच कलमावर बोट ठेवलेले होते. कोणाचे खरे मानायचे ते वकिलांनी ठरवावे. ज्यांचे बजेट विम्यावर अवलंबून असेल त्यांनी पॉलिसीतले ते पान आधी वाचून मगच सरकारी की खासगी याचा निर्णय घ्यावा.

७ सप्टेंबरला चतुर्थी होती. मुंबईहून दोन दिरांची कुटुंबे येणार, रात्री भजन, नंतर मागच्या अंगणात काय चालते ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. नवऱ्याने दोन्ही भावांना आधीच फोन करून सांगितले की यंदा घरात बाटली येणार नाही. एकाने लगेच मान्य केले. दुसऱ्याने “तुझा समजू शकतो, पण वहिनींचा काय?” असे विचारले. त्यामागे कुचेष्टा नव्हती, त्याला खरोखरच माहीत नव्हते. माझे पिणे घराच्या चार भिंतींच्या आत होते, त्यामुळे ते सोडणे समजावताना आधी ते होते हे सांगावे लागले. स्त्रीला हे दोनदा करावे लागते: एकदा कबुली आणि मग सोडणे.

औषधे आमची वेगवेगळी होती. नवऱ्याला नालट्रेक्सोन, ज्याने पिण्यातली मजा आणि ओढ कमी होते. माझ्या यकृतामुळे मला अकॅम्प्रोसेट, जे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासले. त्याच्या दिवसाला सहा गोळ्या, दोन-दोन करून तीन वेळा, आणि दुपारच्या हमखास विसरतात. मी त्या पोळ्यांच्या डब्यात ठेवू लागले. दोघांचे मिळून महिन्याला औषधांचे साडेचार-पाच हजार होत. सासूबाईंना कोणीतरी चहात टाकायच्या ‘दारू सोडवणाऱ्या’ गोळीविषयी सांगितले होते. हे कोणीही करू नये. अशा गोळ्यांत बहुधा डायसल्फिरॅम असते. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की रक्तदाब कोसळण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते, म्हणून ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. लपवून दिलेली गोळी आणि लपवून घेतलेला पेग एकाच रात्री पोटात गेले तर काय होईल, याचा विचार जाहिराती करत नाहीत.

समुपदेशन सप्टेंबरपासून दर आठवड्याला, सहाशे रुपये, आधी दोघांचे वेगळे आणि मग एकत्र. पहिली वेळ मिळायला तीन आठवडे लागले. ‘आम्हा दोघांनाच हे का’ हा प्रश्न मी तेथे विचारला, आणि त्याचे उत्तर अनेक भेटींत हप्त्याहप्त्याने मिळाले.

पहिली गोष्ट अशी की यात आमचे वेगळेपण काहीच नव्हते. जोडीदारांच्या पिण्यात साम्य असणे हे अनेक देशांत पुन्हापुन्हा आढळले आहे आणि त्याचा एक भाग लग्नाआधीचाच असतो: माणसे आपल्यासारख्याच पिणाऱ्या जोडीदाराकडे वळतात. ब्रिटनमधल्या जोडप्यांच्या जनुकांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दारूचे शरीरात विघटन करणाऱ्या एका जनुकाच्या प्रकाराबाबत नवरा-बायकोत अपेक्षेपेक्षा जास्त साम्य दिसले. लग्न ठरवून होत असेल तर हे कसे लागू होईल, असे मी म्हटले. मॅडम म्हणाल्या, ठरवणारे तरी कोठून येतात? तोच समाज, तीच गावे, तशीच घरे. मध्यस्थांचे ‘मर्यादेत’ आणि माझ्या वडिलांचा हुर्राक यांची गाठ तेथे पडली. दारूच्या व्यसनाकडे असलेल्या कलाचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक मानला जातो, म्हणजे आम्ही दोघांनीही तो आपापल्या घरून आणला असण्याची शक्यता होती.

दुसरा भाग लग्नानंतरचा. अमेरिकेत बफेलो येथे नवविवाहित जोडप्यांवर झालेल्या अभ्यासात लग्नाच्या पहिल्या वर्षात नवऱ्याच्या पिण्याचा प्रभाव बायकोच्या पिण्यावर पडताना दिसला. पण मला सर्वांत पटले ते स्वीडनचे काम. तेथल्या संपूर्ण लोकसंख्येच्या नोंदींवरून केलेला हा अभ्यास २०१८ मध्ये आला. एका जोडीदाराला दारूचे व्यसन असल्याची नोंद झाली की दुसऱ्याला तसे होण्याचा धोका झपाट्याने वाढतो, असे त्यात दिसले. आणि ज्यांची एकाहून अधिक लग्ने झाली त्यांच्यात, व्यसनी जोडीदाराकडून व्यसन नसलेल्याकडे गेलेल्या माणसाचा धोका कमी झाला, तर उलट दिशेने गेलेल्याचा वाढला. माणूस तोच, जनुके तीच, घर बदलले. म्हणजे नुसत्या आवडीनिवडी जुळून येण्याने हे पुरेसे समजत नाही; सोबतीचा स्वतःचा परिणाम असतो.

तिसरी गोष्ट ऐकून नवरा हसला. नॉर्वेत हजारो जोडप्यांचा कित्येक वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा दोघेही खूप पिणाऱ्यांपेक्षा, बायको खूप पिणारी आणि नवरा कमी पिणारा अशा जोडप्यांचे घटस्फोट जास्त झालेले आढळले. आमची भांडणे फारशी होत नसत आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. पिण्याच्या बाबतीत एकमत असल्यामुळे संसार शांत राहतो आणि ती शांतता व्यसनाला खतपाणी घालते. ज्या घरात एक जण पीत नाही तेथे रोज कटकट होते, आणि पुष्कळदा ती कटकटच पिणाऱ्याला डॉक्टरपर्यंत पोहोचवते. आमच्या घरी ते काम फिटने केले.

यामुळेच उपचारांची नेहमीची पद्धत आमच्यावर जशीच्या तशी लागू पडत नव्हती. व्यसनमुक्तीच्या जगात ‘घरचे माणूस’ म्हणजे न पिणारे माणूस. १९३५ मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची स्वमदत संघटना सुरू झाली आणि १९५१ मध्ये तिच्या एका संस्थापकाच्या पत्नीने घरच्यांसाठी अल-अनॉन उभी केली. तेव्हापासून पिणाऱ्याची खोली वेगळी आणि बायकोची वेगळी, ही रचना जगभर रुळली आहे. जोडप्यांसाठी जे वर्तनोपचार विकसित झाले त्यांच्या अभ्यासांतही बहुधा एकच जण पिणारा असलेली जोडपी घेतली जात. आपल्या शेजारी गोव्यात, प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेले मोजक्या भेटींचे समुपदेशन उपयोगी ठरते हे दाखवणारा अभ्यास २०१७ मध्ये ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, पण त्यातले सहभागी सगळे पुरुष होते. मी आमच्या भागातल्या एका स्वमदत गटाच्या सभेला पहिल्यांदा गेले, तेव्हा दारातल्या गृहस्थांनी अदबीने सांगितले, “ताई, घरच्यांची बैठक पलीकडे आहे.” मी म्हटले, “मी या बैठकीला आले आहे.” त्यांनी खुर्ची सरकवून दिली. पुढे मला स्त्रियांच्या एका ऑनलाइन बैठकीची माहितीही त्यांनीच दिली आणि मी आजही तिला जाते. नवरा प्रत्यक्ष गटात जातो. दोघांनी एकाच बैठकीत बसू नये हा सल्ला आम्हाला मानवला, कारण एकमेकांसमोर माणूस एकमेकांना सांभाळून बोलतो.

निवासी केंद्राचा विचारही झाला. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून आहे आणि तेथे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. आमच्या जिल्ह्यात स्त्रीला राहता येईल असे ठिकाण मला मिळाले नाही. मुलीची शाळा आणि सासूबाईंचे वय बघून आम्ही घरी राहून उपचार घेतले. ज्यांना एकदा औषधाने बंद करूनही पुन्हा सुरू होते, त्यांनी निवासी उपचार टाळू नयेत.

मॅडमनी आम्हाला एक ठराव करायला लावला. रोज तिन्हीसांजेला, म्हणजे आमच्या पहिल्या पेगच्या वेळी, सासूबाईंनी देवाजवळ दिवा लावला की दोघांनी एकमेकांना सांगायचे: “आज घेतली नाही, उद्या या वेळेपर्यंत घेणार नाही.” ऐकणाऱ्याने फक्त “बरे” म्हणायचे, मागच्या चुका काढायच्या नाहीत आणि पुढची वचनेही मागायची नाहीत. मूळ पद्धतीत न पिणारा जोडीदार साक्षीदार असतो, आमच्याकडे सासूबाईंना साक्षीला बसवले. पहिले काही दिवस हे फार नाटकी वाटले. आणखी एक कागद लिहिला तो जास्त कामाचा ठरला: एकाने घेतली तर दुसऱ्याने काय करायचे. वाद घालायचा नाही, बाटली शोधायची नाही, समजूत काढायला जवळ बसायचे नाही. मुलीला घेऊन नणंदेकडे जायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समुपदेशकांना फोन करायचा. दोघांच्या सह्या, कागद फ्रिजच्या मागच्या भिंतीवर.

तो कागद डिसेंबरात लागला. आमच्या होम-स्टेच्या नियमांत नोव्हेंबरपासून ‘आवारात मद्यपान करू नये’ ही ओळ घातली होती आणि त्यामुळे नाताळच्या आठवड्यातले बरेच बुकिंग गेले. उपचारांच्या बिलांपेक्षा हा खर्च मोठा. आलेल्यांपैकी एका गटाने थर्टी फर्स्टला गाडीत बाटल्या ठेवल्या होत्या. नवरा त्यांना समजवायला गेला आणि त्यांच्याबरोबर बसला. रात्री दहा वाजता त्याने स्वतःहून येऊन सांगितले. मला त्या क्षणी राग आला नाही; माझ्या तोंडाला पाणी सुटले, हे मी लिहिलेच पाहिजे. त्याच्या श्वासाच्या वासाने मला जे झाले त्यावरून ‘जवळ बसायचे नाही’ हे कशासाठी लिहिले होते ते कळले. मुलीला उठवले आणि रिक्षाने नणंदेकडे गेलो. २ जानेवारीला दोघेही कुडाळला गेलो. डॉक्टर शांत होते, त्यांनी गोळी चालूच ठेवायला सांगितली आणि भेटी पुन्हा दर आठवड्याला केल्या.

मार्चमध्ये हुर्राक आला. शेजाऱ्यांनी नेहमीप्रमाणे बाटली आणली, सासूबाईंनी ती दारातूनच परत दिली. राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, दरवर्षी कोंबडा आणि दारू द्यायची असते, त्याचा प्रश्न जास्त नाजूक होता. नवऱ्याच्या चुलत भावाने बाटली थेट जागेवर आणावी, गाऱ्हाणे, म्हणजे देवापुढचे मागणे, गावकरांनी (गावच्या मानकऱ्यांनी) घालावे, आणि उरलेली त्याने तेथूनच घेऊन जावी असे ठरले. गावकरांना कारण सांगितले तेव्हा ते म्हणाले, “देवाक हरकत नाय, मगे आमका कसली?”

माझ्या यकृताची मूल्ये जूनपर्यंत सामान्य मर्यादेत आली. चतुर्थीनंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये, डॉक्टरांनी माझे अकॅम्प्रोसेट थांबवले. नवऱ्याची गोळी चालू आहे, बहुधा मार्चपर्यंत. समुपदेशन आता महिन्यातून एकदा. होम-स्टेचा नियम कायम आहे. कुटुंबासह येणारे पाहुणे हळूहळू वाढत आहेत, तरी मागच्या उत्पन्नापर्यंत आम्ही अजून पोहोचलेलो नाही.

ज्यांना दवाखान्यात जाण्याआधी कोणाशी बोलायचे असेल त्यांच्यासाठी: मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन टेलि-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, दोन्ही निःशुल्क. फोन लागल्यावर पहिल्याच वाक्यात “आम्ही नवरा-बायको दोघेही पितो” असे सांगा, नाहीतर समोरचा माणूस तुम्हाला नातेवाईक समजून नवऱ्याला कसे समजवावे तेच सांगत राहतो. दवाखान्यात जाताना दोघांची आधार कार्डे, दोघांच्या वेगळ्या फायली, चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या आणि तिसऱ्या माणसाचा फोन नंबर बरोबर असू द्या. शेवटची कधी आणि किती घेतली ते दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांचे न बघता लिहा. आमच्या दोन कागदांत बराच फरक निघाला होता आणि डॉक्टरांनी औषधाचा डोस ठरवताना त्यातला मोठा आकडा धरला.